सोबत : बाप्तिस्म्याचा दाखला, प्रत एक

बँकेत बावीस वर्षं कारकुनी केली, की कागदावरचा विश्वास वाढतो आणि माणसांवरचा कमी होतो. तरीही एक कागद असा आहे, की तो अर्जाला टाचलेला पाहिला की माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या वसईकर ख्रिस्ती माणसाचं डोकं फिरतं. कॉन्व्हेंट शाळेच्या ज्युनिअर केजीच्या अर्जासोबतचा बाप्तिस्म्याचा ताजा दाखला! शाई ओली आणि मूल साडेतीन वर्षांचं.

माझी हरकत या ताजेपणालाच आहे. चर्चच्या १९८३ च्या धर्मकायद्याचं ८६७ वं कलम सांगतं, की आईबापांनी मुलाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत करून घ्यावा. आठवड्यांत, बरं का! आमच्याकडच्या म्हाताऱ्या हे कलम न वाचताच पाळत आल्या. पण काही घरांत साडेतीन वर्षं देवाची आठवण होत नाही आणि शाळेचे फॉर्म सुटले, की एकदम साक्षात्कार होतो. या साक्षात्काराला शेवटची तारीख असते आणि ती शाळेच्या फळ्यावर लावलेली असते.

मग धावपळ. आईबापांसाठी चर्चमध्ये तयारीचा वर्ग असतो. तिथं बाप मागच्या बाकावर बसून घड्याळ बघतो. विधीच्या सुरुवातीला फादर मुलाचं नाव विचारतात आणि मग, या बाळासाठी चर्चकडे काय मागता, असं विचारतात. उत्तर 'बाप्तिस्मा' असं द्यायचं असतं. मनातलं उत्तर असतं, 'ज्युनिअर केजी, सकाळचं सत्र, जमल्यास बससकट.' पुढे सैतानाचा त्याग करता का, म्हणून विचारतात. तोही करतात. प्रवेश मिळत असेल तर हा गृहस्थ सासुरवाडीचाही त्याग करील!

आमच्या इमारतीतले असेच एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही धर्मपिता व्हा हो. एक सही तर करायची!" बँकेतल्या माणसाला 'एक सही तर करायची' म्हणणं म्हणजे सापाला 'जरा शेपूट दे' म्हणण्यासारखं आहे. कर्जाचा जामीनदार हप्ते फिटले की सुटतो. धर्मपिता सुटत नाही. मूल श्रद्धेत वाढावं म्हणून हातभार लावण्याचं त्याने देवासमोर कबूल केलेलं असतं. मी विचारलं, "प्रवेशानंतर रविवारी त्याला मिस्साला आणणार ना?"

"रविवारी त्याला ड्रॉइंगचा क्लास लावलाय."

मी सही केली नाही. लिफ्टमध्ये अजून ते माझ्याकडे पाठ करून उभे राहतात.

हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हे. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा काढून त्या चालवायचा हक्क दिला. त्या शाळांनी आपल्या समाजातल्या मुलांना थोडं पुढे घेतलं, तर मला त्यात वावगं वाटत नाही. पण जागा मोजक्या. धुणंभांडी करणाऱ्या बाईचं सहाव्या आठवड्यात बाप्तिस्मा झालेलं पोर त्याच रांगेत असतं. काहीही खोटं न बोलता उभं असलेलं शेजारचं हिंदू किंवा मुसलमान पोरही असतं. त्यांच्यामध्ये ओल्या शाईचा दाखला कोपर मारून घुसतो. शिवाय नुकसान त्या दाखलेवाल्या मुलाचंही आहे. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, आणि एकदा झाला की पुसता येत नाही. हे खातं बंद करायचा फॉर्मच छापलेला नाही! असं कायमचं खातं पोराच्या नावे दप्तरासाठी उघडायचं?

कोणी म्हणेल, दाखला मागणंच बंद करा. आयर्लंडमध्ये बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक. गर्दीच्या शाळा बाप्तिस्मा झालेल्यांना आधी घेत. २०१८ साली कायदा करून हे थांबवलं. पण अल्पसंख्य धर्मांच्या शाळांना त्याच कायद्याने सवलत ठेवली. आपल्याकडे अल्पसंख्य आम्हीच, तेव्हा ते औषध इथं जसंच्या तसं लागू पडत नाही.

माझं औषध बिनखर्चाचं आहे. ८६८ वं कलम म्हणतं, मूल श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. ती मुळीच नसेल तर आईबापांना कारण सांगून बाप्तिस्मा लांबणीवर टाकावा. नाकारू नये, लांबणीवर टाकावा! तेव्हा फॉर्मच्या मोसमात साडेतीन वर्षांचं मूल घेऊन आलेल्यांना फादरांनी चहा पाजून सांगावं, "वर्ग आजपासून सुरू करा. बाप्तिस्मा शाळेची यादी लागल्यानंतरच्या रविवारी." मुलाच्या जिवाला धोका असेल तर अर्थात त्याच क्षणी.

"अहो, पण एखाद्याची श्रद्धा खरोखरच त्या महिन्यात जागी झाली असली तर?" असेल की! मग त्याचं काय बुडालं? त्याला बाप्तिस्मा हवा होता, तो मिळणारच आहे. शाळेची जागा हुकली तर हुकली. देव म्युनिसिपालिटीच्या शाळेतही असतो आणि तिथं त्याला मुलाखत द्यावी लागत नाही.

त्या रविवारी जे आईबाप मूल घेऊन येतील, त्यांच्यासाठी मी धर्मपिता व्हायला तयार आहे. सह्या कितीही मागा.