गॅस ‘संपत’ नाही

केळव्यात फ्रीज थंड करीनासा झाला की कारागीर येतो, पाठीमागे हात लावतो आणि सांगतो, “गुरुजी, गॅस संपला.” मी मराठी शिकवितो, यंत्रशास्त्र नव्हे, पण या ‘संपला’ क्रियापदालाच माझी हरकत आहे. हा गॅस म्हणजे दिव्यातले रॉकेल नव्हे. बंद नळ्यांतून कॉम्प्रेसर तोच तो गॅस वर्षानुवर्षे फिरवितो. कमी झाला, तर तो कुठेतरी गळला. गळती न शोधता नवा भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतून पैसे घेणे.

आणि थंडावा गेला म्हणजे गॅसच गेला, हे तरी कशावरून? दारात कागदाचा कपटा धरून ओढा; सहज निसटला तर रबर सैल आहे. बटण बंद करून मागची जाळी कोरड्या ब्रशाने झाडा. धुळीने गुदमरलेली जाळी उष्णता टाकणार कुठे? सुरूच्या बनातून येणारा खारा वारा खिडकीचे गज खातो, तो जाळीला सोडील काय? गंज दिसताच रंग द्यावा. (बर्फ सुरीने खरवडणाऱ्या गृहस्थांविषयी मी लिहीत नाही, ते गळती स्वतःच पाडतात.)

तरी गॅस भरावाच लागला, तर कोणता, हे विचारा. जुन्या फ्रीजांतला आर-१२ ओझोनचा वैरी ठरला. १९८७च्या माँट्रिअल करारानुसार फ्रीजसाठी त्याचे उत्पादन भारतात २०१० पर्यंत बंद झाले. नव्यांतला आर-६००ए पेट घेणारा. मागच्या पाटीवर नाव असते. ती न वाचता नळी झाळायला बत्ती पेटविणाऱ्याला मी दारातून परत पाठवितो. आणि वाचणाऱ्यालाही गळतीची जागा दाखविल्याशिवाय पैसे देत नाही.