दारातली कण्हेर आणि रानातला खार



मध्यंतरी ऊस नोंदीच्या कामाने भीमाकाठच्या एका गावी गेलो होतो. तिथल्या एका सभासदांनी वस्तीवरच्या नव्या घरापुढे हौसेने गुलाब लावले होते. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि झाडे वाळून गेली. म्हणाले, "साहेब, दारात कायबी जगंना झालंय. खारात येणारं एखादं फुलझाड सांगा की."

अशी झाडे आहेत. आयरिस नावाच्या फुलझाडाची एक जात मध्य आशियातल्या खारवट जमिनीत वाढते. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'हॅलोफिला' शब्दाचा अर्थच मिठाची आवड असणारी. पण ती थंड मुलखातली, आपल्या सोलापुरी उन्हाळ्यात तिच्या नादी लागण्यात अर्थ नाही. आपली कण्हेर आणि बोगनवेल याच कामाच्या आहेत. मात्र कण्हेर विषारी. ती गोठ्यापासून लांब लावावी आणि छाटलेल्या फांद्या जनावरांपुढे पडू देऊ नयेत.

लावताना दीड फूट उंच वाफा करून त्यात चांगली माती व कुजलेले शेणखत भरावे. सरी-वरंब्यावर लावायचे तर रोप माथ्यावर न लावता बगलेत लावावे, कारण पाणी वर चढून सुकते आणि क्षार माथ्यावर साचतात. बुडाशी उसाचे पाचट पसरावे. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा बेताच्या अंतराने भरपूर आणि शक्यतो गोडे पाणी द्यावे.

हे सगळे त्यांना सांगितले. पण घरामागच्या उसात गेलो तर तिथेही तीच पांढरी खपली. विचारले तर म्हणाले, "तिथं २६५ लावलाय, तो येतोय खारात." माझा मतभेद आहे तो इथे.

फुले २६५ ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची, २००७ साली प्रसारित झालेली जात. खारवट-चोपण जमिनीत ती इतर जातींपेक्षा तग धरते, हे खरे. पण पिकाने तग धरला म्हणजे जमीन सुधारली असे होत नाही. ऊस काही जमिनीतले मीठ खाऊन संपवत नाही. आपण पाणी देत राहतो, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. आज २६५ येतो, उद्या तोही येणार नाही.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि पुढे आपल्या भागात उसाला पाणी आले. पाणी आणायला सगळे धावले, ते बाहेर काढायची वाट मात्र कोणी पाहिली नाही. काळी भारी जमीन, त्यात मोकाट पाटपाणी. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता १.७ डेसीसायमनच्या पुढे गेली की ऊस घटू लागतो आणि पुढच्या दर एककाला उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी उतरते. रसात क्षार वाढले की साखरेचे दाणे नीट बांधत नाहीत, मळी जास्त जाते. म्हणजे खार रानात असला तरी उताऱ्याचा तोटा सर्वांचाच. यात आम्हा शेतकी विभागाचीही चूक आहे. टनेजच्या मागे लागून आम्ही 'लावा, लावा' म्हणालो, 'निचरा करा' हे सांगायला कमी पडलो.

उपाय अवघड नाहीत. आधी माती तपासावी. नुसता पांढरा खार असेल तर निचरा आणि चांगले पाणी हेच औषध. जमीन चोपण असेल, म्हणजे सामू ८.५ च्या वर आणि पाणी मुरत नसेल, तर अहवालाप्रमाणे जिप्सम घालून धैंचा गाडावा. पण निचऱ्याची वाट नसेल तर जिप्समचा पैसा वाया गेला असे समजा.

खरी अडचण पुढेच आहे. चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर तो शेजाऱ्याच्या बांधातून जाणार. एकट्याने काढला तर पाणी शेजाऱ्याच्याच रानात तुंबणार. वीतभर बांधासाठी कोर्टात जाणारे आपण. त्याच बांधाखालून चर जाऊ देण्याचे मन दाखवले तर दोघांचीही जमीन वाचेल. पाणी आणायला आपण एकत्र आलो होतो, ते काढायलाही एकत्र आलेच पाहिजे.

तेव्हा पुढच्या लागणीआधी मातीचा नमुना घेऊन गट ऑफिसला या, आणि येताना वरचा व खालचा शेजारी बरोबर आणा. कण्हेरीची रोपे कुठे मिळतील तेही तिथेच सांगू.

— ऊस विकास अधिकारी