पाटीवरचे नाव

बारावीचा निकाल लागला की आमच्या कचेरीत चार-आठ दिवस दुसरा विषय नसतो. कोणाच्या मुलाला किती मिळाले, कोण इंजिनियरिंगला, कोण फार्मसीला. यंदा माझी पाळी होती. मुलगी कला शाखेतून बरे गुण मिळवून पास झाली. पेढे वाटून झाल्यावर सगळ्यांनी विचारले, आता पुढे काय? मी म्हटले, "इतिहास घेऊन बी. ए. करणार म्हणते. साखळीच्या सरकारी कॉलेजात घालावे असे मनात आहे." एकदम शांतता. मग पलीकडच्या टेबलावरचे आमचे भाऊ (निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळे) म्हणाले, "पुण्याक धाड रे तिका! हांगा रावून कितें करतली?"

घरीही तेच चालले आहे. मुलीला स्वतःला पुणे हवे आहे. तिची मावसबहीण तिथल्या एका नावाजलेल्या महाविद्यालयात शिकते. सुट्टीत आली की तिच्या बोलण्या-वागण्यात फरक दिसतो आणि तो आमच्या बायला हवासा वाटतो. हिचे म्हणणे वेगळेच. "तुम्ही इथे शिकलात आणि कारकुनीत अडकलात. तिने तरी अडकू नये." हे मला लागले, कारण त्यात खोटे काही नाही. म्हणून हे लिहायला बसलो. समोरासमोर बोलताना माझा आवाज चढतो, लिहिताना तेवढा चढत नाही.

शिकायचे म्हणजे घाट चढायचा, ही आम्हा गोवेकरांची जुनी समजूत आहे आणि एके काळी ती बरोबरच होती. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली संस्कृत शिकण्यासाठी घर सोडून पुण्याला गेले, पुढे पालीचे पंडित झाले, अमेरिकेत हार्वर्डला काम करून आले आणि १९१२ पासून फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. त्यांना जाण्यावाचून इलाज नव्हता. पोर्तुगीज अमदानीत पणजीला लिसेव होते, वैद्यकीय शाळा होती, पण आपल्या मुलांनी बी. ए. करावे असे महाविद्यालय गोव्यात नव्हते. बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई, जिथे नातेवाईक असेल तिथे जायचे. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये निघाली, तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. गोवा विद्यापीठ आले १९८५ मध्ये. त्यानंतर साखळी, खांडोळा, केपे, पेडणे अशा ठिकाणी सरकारी महाविद्यालये झाली. माझे वडील जुनी अकरावी पास. पणजीत खोली घेऊन राहणे परवडले नाही म्हणून तिथेच थांबले. कॉलेज बसच्या अंतरावर आले म्हणून त्यांचा मुलगा, म्हणजे मी, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. तेव्हा "हांगा रावून कितें" हा प्रश्न मला तितकासा सोपा वाटत नाही.

आता नावाचे पाहू. आपल्याकडे शिकवते महाविद्यालय आणि पदवी देते विद्यापीठ. इंग्रजांनी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला ही पद्धत आणली, ती थोड्याफार फरकाने अजून चालू आहे. साखळीत शिकलेल्या मुलीची पदवी गोवा विद्यापीठाची आणि पणजीत शिकलेल्या मुलाचीही गोवा विद्यापीठाचीच. मी आस्थापना विभागात बारा वर्षे भरतीचे अर्ज तपासले. परीक्षा, विद्यापीठ, साल, श्रेणी एवढे रकाने. पंधरा वर्षांचा निवासी दाखला पाहायचा, कोकणी येते का, मराठी येते का ते पाहायचे. कोणते कॉलेज, असा रकाना माझ्या टेबलावर तरी कधी आला नाही. अर्थात हे सरकारी नोकरीपुरते झाले. खासगी क्षेत्रात, वर्तमानपत्रात, परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जात नाव पाहतात, हे मी नाकारत नाही. केंद्र सरकार २०१६ पासून संस्थांची क्रमवारी लावते, त्यात शंभरातले दहा गुण संस्थेच्या जनमानसातल्या प्रतिमेला असतात. म्हणजे नाव आहे म्हणून गुण, गुण आहेत म्हणून नाव. आमच्या साहेबांच्या गोपनीय अहवालासारखेच.

पण मला मुलीला सांगायचे आहे ते निराळेच. मी १९९९ ते २००२ बी. ए. केले. आमचा गाव होंड्याच्या बाजूला. सकाळची कदंब खनिजाच्या ट्रकांमागे अडकायची आणि कॉलेजात पोचेपर्यंत शर्टाची कॉलर लाल झालेली असायची. तिसऱ्या वर्षाला इतिहासाच्या वर्गात आम्ही नऊजण. एकदा राण्यांच्या बंडांवर निबंध लिहायला सांगितला होता. मी पुस्तकातले दोन परिच्छेद जरा फिरवून लिहून दिले. सरांनी वही परत केली ती समासात लाल शाईने एक प्रश्न लिहून, "नाणूसचा किल्ला तुझ्या घरापासून किती दूर? पाहिलास का?" १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी ज्या किल्ल्यावरून बंड उभारले तो हा किल्ला. घरापासून फार तर अर्ध्या तासाच्या वाटेवर, आणि मी तो पाहिलेला नव्हता. रविवारी मित्राच्या सायकलवर डबलसीट जाऊन आलो. झाडीत बुडालेले थोडेसे अवशेष, बाकी काही नाही. तेही लिहिले. वही पुन्हा परत, "बंड करणाऱ्यांचे म्हणणे काय होते? तू फक्त पोर्तुगिजांचे म्हणणे लिहिले आहेस." तो निबंध मी चार वेळा लिहिला. त्या वेळी सरांचा राग यायचा. आज कचेरीत एखाद्या फायलीवर टिपणी लिहिताना हात थांबतो आणि मनात येते, हा कागद मी स्वतः पाहिला आहे की खालून आलेले तसेच पुढे ढकलतो आहे? ही सवय त्या लाल शाईची आहे. कारकून झालो हे खरे, पण नुसते पुढे ढकलणारा कारकून झालो नाही.

मग एम. ए. ला गोव्याबाहेर एका मोठ्या नावाच्या विद्यापीठात गेलो. वर्षभरच होतो. नोकरीचा कॉल आला आणि घरची परिस्थिती पाहून परतलो. पण ते वर्ष मी विसरलेलो नाही. ग्रंथालयात पहिला आठवडा नुसता कपाटांमधून फिरलो. खोलीत एक नांदेडचा, एक मणिपूरचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद. सत्तरीबाहेर जग आहे हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि ते शेजारच्या खाटेवर घोरताना ऐकणे वेगळे. हे सुख मला साखळीने दिले नाही, देऊ शकतही नव्हती. मात्र तिथे वर्षभरात दिलेले चार निबंध परत आले ते कोपऱ्यात एक अक्षर आणि सही घेऊन. चौथ्या निबंधात मी मुद्दाम एकच वाक्य सलग दोनदा लिहिले होते. कोणाच्या लक्षात आले नाही. मला फारसे वाईट वाटले नाही, कारण तोवर आपले लिहिलेले आपणच तपासायला शिकलो होतो. पण सतराव्या-अठराव्या वर्षी थेट तिथेच गेलो असतो तर? त्या एका अक्षरालाच मी शिक्षण समजलो असतो.

म्हणून माझे मत असे की पहिली पदवी, निदान कला शाखेची, जिथे आपले लिहिलेले कोणीतरी वाचेल तिथे घ्यावी आणि मग बाहेर पडावे. बाहेर पडूच नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. गोव्यात २०२३-२४ पासून चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन निघता येते, चौथे केले तर ऑनर्स. तीन वर्षे इथे काढावीत आणि पुण्यातली खोली, खानावळ, येणे-जाणे यांचे जे महिना पंधरा-सोळा हजार मी आता घालणार, ते एम. ए. ला घालावेत. तेव्हा ग्रंथालयात जाऊन काय मागायचे ते तरी तिला ठाऊक असेल.

हे सगळे मी मुलीला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, तुमचे सर निवृत्त झाले ना? मग आता तिथे कोण आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या लाल शाईवर बोलत होतो. आज किती ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण शिक्षक वर्षागणिक बदलतात हे मला, नेमणुकांच्या फायली हाताळणाऱ्याला, कळायला हवे होते. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याने एक निबंध चार वेळा का तपासावा? लहान महाविद्यालयाचे सगळे मोल माणसावर आहे. तो माणूस टिकला नाही तर उरते ती लहान इमारत. मोठ्या ठिकाणी निदान ग्रंथालय तरी उरते.

तेव्हा आमच्या बायने मार्ग काढला. दोन्हीकडे चौकशी करायची, पण पाटी वाचून नाही. इतिहासाला कायम शिक्षक किती, तिसऱ्या वर्षाला मुले किती (फार कमी असली तर विषयच बंद व्हायची भीती), आणि मुख्य म्हणजे तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली वही पाहायची. गेल्या शनिवारी आम्ही दोघे साखळीला जाऊन आलो. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी कँटीनमध्ये भेटली. तिने लाजत लाजत वही दाखवली. शाई लाल नव्हती, हिरवी होती, पण समास भरलेला होता. आमची बाय ती पाने बराच वेळ उलटत बसली. मी चहा मागवला आणि मुद्दामच काही बोललो नाही.

पुण्याचाही अर्ज भरून ठेवला आहे. घरी येताना बसमधूनच तिने मावसबहिणीला फोन लावला, "तुझा एखादा तपासलेला निबंध असला तर फोटो काढून पाठव ना." आज गुरुवार, अजून फोटो आलेला नाही. प्रवेशाची मुदत सोमवारपर्यंत आहे.