‘खाज’ कोणत्या भाषेत सांगावी?

मराठी समीक्षेला ‘देहभान’ हा शब्द फार प्रिय आहे. चर्चासत्रांत, प्रबंधांत, कवितासंग्रहांच्या प्रस्तावनांत तो सढळ हाताने वापरला जातो. आमचा आक्षेप असा की, या देहाला त्वचाच नाही. स्त्रीचे जननांग आपल्या साहित्यव्यवहाराला आठवते ते कामवासना, प्रसूती किंवा अत्याचार यांच्या संदर्भात. तिथे नुसता त्वचारोगही होऊ शकतो, हे त्याच्या गावीही नसते.

लायकेन स्क्लेरोसस हा असाच एक रोग. योनीच्या बाहेरच्या भागावर पांढरे चट्टे उठतात, कातडी चिरते, रात्री असह्य खाज सुटते. रजोनिवृत्तीनंतर तो अधिक आढळतो. लहान मुलींनाही होतो. तो संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेशी वा चारित्र्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तीव्र स्टिरॉइड मलमाने तो बहुधा आटोक्यात राहतो. उपचार न झाल्यास मात्र तिथल्या आतल्या घड्या विरून जातात, योनिमुख आकसते आणि थोड्या स्त्रियांत कर्करोगही उद्भवतो.

आता या बाईने डॉक्टरांना सांगावे काय? ‘खाज’ हा तिच्या दुखण्याचा अचूक शब्द. पण मराठीत तोच शब्द बाईला वासनांध ठरवणारी शिवी होऊन बसला आहे. ‘योनी’ म्हणावे, तर बोलण्यात तो आतला मार्ग आणि बाहेरची त्वचा यांत भेद करीत नाही. ‘भग’ कोशात आहे, ओठांवर नाही. उरते ती ‘खालची जागा’. एवढ्या तपशिलावर बुरशीचे मलम हाती पडते, किंवा पांढरा डाग दिसला म्हणून कोड ठरते, आणि वर्षे निघून जातात.

हे काम वैद्यकाचे, साहित्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. पण शब्दाला चिकटलेली शिवी कोणत्या औषधाने जाते? र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे देणे, हा त्यांचा गुन्हा. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली. या वारशाचे गोडवे गाणाऱ्यांकडून आमची मागणी माफक आहे : वर्गात ‘देहभान’ शिकवण्यापूर्वी, ज्या शब्दाशी अध्यापकाची जीभ अडखळते, तो शब्द आधी फळ्यावर लिहावा.