उसने मास्तर

‘प्राथमिक शाळेच्या मास्तराला काम तरी काय असतं हो?’ हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा बँकेच्या रांगेत सापडतो. रांगेत वेळ घालवायला त्याला कुणाची तरी नोकरी लागते. माझी समोरच दिसत असते. ती पुरती सोलून झाली की तो मास्तरांच्या नोकरीकडे वळतो. ‘अकराला जायचं, बे एके बे म्हणून घ्यायचं, पाचला घरी. वर दिवाळी आहेच, उन्हाळा आहेच!’ मी आत नोटा मोजत असतो, आणि नोटा मोजताना बोलायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून त्या सद्‌गृहस्थांचं उत्तर इथे देतो.

मी साधा बी. कॉम. शिक्षणशास्त्राशी माझा संबंध लग्नापुरता. आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. दुसरीचा वर्ग म्हणजे तीस खातेदार, एकच खिडकी, आणि रांग ही कल्पनाच कुणाला मान्य नाही. ‘बाई, ह्यानं माझा रबर घेतला!’ ‘बाई, शूला जाऊ?’ ‘बाई, हा बघा ना, माझ्याकडे बघतो!’ या शेवटच्या तक्रारीसाठी आमच्या बँकेतसुद्धा अजून फॉर्म निघालेला नाही.

या गदारोळात वाचायला शिकवायचं असतं. आमचा हिशेब संध्याकाळी जुळतो; नाही जुळला तर जुळेपर्यंत बसतो. तिथे ‘घ’ आणि ‘ध’ सोमवारी वेगळे कळलेलं पोरगं मंगळवारी पुन्हा ‘घर’ला ‘धर’ म्हणतं. महिनाभर धरतं. मग एका गुरुवारी, काही कारण नसताना, खिडकीतून दिसणाऱ्या एसटीची पाटी वाचून ते ओरडतं, ‘बाई, पंढरपूर!’ ही ठेव कधी पिकेल ते सांगता येत नाही. पण पिकते त्या दिवशी आमच्याकडे शिरा होतो.

काम अवघड आहे, ही माझी तक्रारच नाही. अवघड कामाचाच पगार असतो. तक्रार ही, की ते काम तिला करू देत नाहीत.

पार्लमेंटनं २००९ साली मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला; १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याचं २७वं कलम म्हणतं, शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. आणि लगेच त्याच दमात अपवाद सांगतं: दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. ठीक आहे. देशाची कामं आहेत, कुणीतरी केलीच पाहिजेत. २०२० साली करोनात मास्तर घरोघर पाहणी करत हिंडले, तेव्हा आम्हीही घरी त्याबद्दल कुरकुर केली नाही. भीती मात्र वाटली. निवडणुकीला आम्ही बँकवालेही जातो. पण मी गेलो की माझ्या खुर्चीवर दुसरा बसतो. बाई गेल्या की वर्गात फक्त फळा उरतो. साठपर्यंत मुलं असली तर पहिली ते पाचवीला मिळून दोन शिक्षक, असा त्याच कायद्याचा हिशेब. त्यातला एक मतदार याद्या घेऊन उन्हात फिरायला लागला, की दुसऱ्यानं पाच वर्ग सांभाळायचे. त्याला शिकवणं म्हणत नाहीत, राखण म्हणतात.

अपवादांचं एक वेळ राहू द्या. जे कुठल्याच अपवादात बसत नाही, त्याचं काय? मुलांच्या आधारचे आकडे भरायचे. ‘सरल’ नावाच्या प्रणालीत माहिती भरायची. नाव सरल, पण ती भरताना रात्री अकरा वाजता आमच्या घरात जे शब्द उच्चारले जातात ते वाकडे असतात. झाड लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, दिन साजरा केल्याचा फोटो. शाळेत शिजणारं जेवण ही तर फार चांगली गोष्ट. उपाशी पोराला बाराखडी पचत नाही. पण तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला, ही वही मास्तरच लिहितो. आणीबाणीत तर काही राज्यांनी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी माणसं जमवायलाही मास्तरांनाच जुंपलं होतं. म्हणजे आधी पटावर मुलं आणा, आणि मग ती यायचीच बंद करा!

एक कारकून या नात्यानं मी याचा जाहीर निषेध करतो. रकाने भरणं, बेरजा लावणं, तीन प्रतींत माहिती पाठवणं हा आमचा पिढीजात धंदा आहे. त्यासाठी आम्ही परीक्षा दिल्या, पाठीचे मणके झिजवले. तो फुकटात मास्तरांकडून करून घेणं ही आमच्या पोटावर सरळसरळ लाथ आहे. आठ-दहा शाळांचं मिळून जे केंद्र असतं, तिथे एकेक कारकून नेमा. टेबल द्या, संगणक द्या, चहाची सोय करा. मास्तरांनी त्याला आकडे सांगावेत आणि वर्गात परतावं. ‘पैसा कुठून आणायचा?’ असं विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न: आज हे काम फुकट होतंय असं तुम्हाला वाटतं का?

ते कुणाच्या खर्चानं होतं, ते मला काउंटरवरून दिसतं. एखादी आजी अंगठा द्यायला येते, आणि बरोबरची चौथीतली नात जीभ बाहेर काढून तिची स्लिप भरते. अक्षर वाकडं, पण अक्षरी आणि अंकी रक्कम बरोब्बर एक. त्या आजीला आता कुणी फसवू शकत नाही. कुठल्याशा शाळेत कुणीतरी या पोरीजवळ रोज बसलं, म्हणून हे झालं. ज्या पोरीची बाई याद्या करत फिरत होती, तिची आजी स्लिप भरून घ्यायला परक्याकडे जाते, आणि ती नातही उद्या तशीच जाईल.

दुसरीच्या गणितात एक साधा नियम आहे. बावनातून सत्तावीस वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या घरातून एक दशक उसना घ्यायचा; पण घेतला की शेजारच्या पाचाचे चार करायचे. ते विसरलं की उत्तर चुकतं आणि बाई लाल रेघ मारतात. आपल्याकडे ज्या ज्या कचेरीला माणूस कमी पडतो, ती शाळेतून एक मास्तर उसना घेते. शेजारचं घर एकानं कमी झालं, हे मात्र कुणीच लिहीत नाही. आमच्या बँकेत उसनवारीला तारीख असते, व्याज असतं, जामीन असतो. इथे काहीच नाही. जामीन म्हणून नकळत उभी राहिली आहेत ती सात वर्षांची मुलं, आणि त्यांची सही आपण अजून घेतलेली नाही. कारण त्यांना ती करायला शिकवणार होत्या त्या बाई कालपासून बाहेर आहेत.