आपला माणूस दोषी ठरला, तर पाठिंबा नेमका कशाला?

बिटकॉइन फारसे कुणाला माहीत नव्हते, त्या काळात त्याचा प्रचार करणाऱ्यांत चार्ली श्रेम हे नाव पुढे होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला हा तरुण. २०११ मध्ये त्याने एका भागीदाराबरोबर बिटइन्स्टंट ही कंपनी काढली. डॉलर देऊन बिटकॉइन मिळवणे तेव्हा किचकट काम होते, ते या कंपनीने सोपे केले. पुढे तो बिटकॉइन फाउंडेशन या संस्थेचा उपाध्यक्ष झाला. जानेवारी २०१४ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली. सिल्क रोड हा अमली पदार्थांच्या विक्रीचा ऑनलाइन बाजार होता. तिथल्या गिऱ्हाइकांना बिटकॉइन पुरवणाऱ्या एका माणसाला श्रेमने सगळे माहीत असताना मदत केली, असा आरोप होता. विशेष म्हणजे कंपनीत नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याच्याचकडे होती. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने विनापरवाना पैसे फिरवण्याच्या धंद्याला साथ दिल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. डिसेंबरमध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हापासून बिटकॉइनवाल्यांत एक वाद आहे. एक गट म्हणतो, हा आपला माणूस, यानेच सुरुवातीला धोका पत्करला, याला वाऱ्यावर सोडू नका. दुसरा गट म्हणतो, याच्यामुळे आपली बदनामी झाली, याचे नावही घेऊ नका.

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजात बसून या वादाचे आपल्याला काय, असे कुणी विचारेल. पण नावे बदलली की हाच प्रश्न आपल्या दारात येतो. ज्याने आपल्याला नवी वाट दाखवली, ज्याच्या शब्दावर आपण पैसे गुंतवले, जो आपल्या गावचा किंवा आपल्या जमातीचा आहे, तो कायद्याच्या कचाट्यात सापडला की आपण कुठे उभे राहायचे? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : माणसाला मदत जरूर करावी, त्याच्या कृत्याला नाही, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना ओलांडून तर कधीच नाही.

बिटकॉइन आपल्याकडे कसे आले

महाराष्ट्रात बिटकॉइन हा शब्द हजारो घरांत पोचला तो गेनबिटकॉइन या योजनेमुळे. तिचा प्रमुख अमित भारद्वाज. भारतात या चलनाचा सुरुवातीला जोरदार प्रचार करणाऱ्यांपैकी तो एक. त्याने स्वतःचा मायनिंगचा व्यवसाय उभा केला, नवशिक्यांसाठी पुस्तकही काढले. योजना साधी सांगितली जायची : एक बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परत घ्या. म्हणजे दीड वर्षात एकाचे १.८. शिवाय नवे गुंतवणूकदार आणले की कमिशन. काही काळ परतावा आला. २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे कंपनीचेच चलन लोकांच्या खात्यात पडू लागले आणि त्याला बाजारात फारशी किंमत नव्हती.

२०१८ मध्ये नांदेड आणि पुण्यात गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारद्वाजला अटक झाली, पुढे जामीन मिळाला आणि जानेवारी २०२२ मध्ये हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. २०१७ मधल्या भावाने ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन या योजनेतून गोळा झाल्याचा आरोप आहे, असे ईडी म्हणते. देशभरातले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठ ठिकाणी छापे पडले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. जप्त करायच्या बिटकॉइनमधले काही त्यांनी स्वतःकडे वळवले, असा आरोप आहे.

भारद्वाज दोषी ठरला नाही, निर्दोषही ठरला नाही. तो आरोपी म्हणूनच गेला आणि लिहिताना ही मर्यादा पाळली पाहिजे. श्रेमचा गुन्हा त्याच्याच तोंडून सिद्ध झाला आहे. दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. पण दोन्हीकडे लोकांनी विश्वास ठेवला तो माणसावर.

इथे एक विसंगती आहे. बिटकॉइनचा दावाच असा की यात कुणा माणसावर, बँकेवर, सरकारवर विश्वास ठेवायची गरज नाही. हिशेब सगळ्यांसमोर आहे, ज्याने त्याने तपासावा. सातोशी नाकामोटो या नावाने ज्याने ते बनवले, तोही २०११ नंतर दिसेनासा झाला आणि चलन चालूच राहिले. मग ज्या चलनाला जन्मदात्याची गरज पडली नाही, त्याला प्रचारकाची प्रतिमा जपण्याची गरज का पडावी? श्रेम तुरुंगात गेला म्हणून बिटकॉइन खोटे ठरले नाही. त्याला हार घातल्याने ते खरेही ठरणार नाही. खामगावच्या चांदीचे नाव झाले ते तिच्या शुद्धतेमुळे, दुकानदार आपल्या नात्यातला आहे म्हणून नाही.

पाठीराख्यांच्या बोलण्यात तथ्य किती

पाठीराख्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. त्यांचा सर्वांत दमदार मुद्दा बँकांचा आहे. एचएसबीसी या बड्या बँकेने मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा आपल्या खात्यांतून जाऊ दिला. डिसेंबर २०१२ मध्ये तिने सुमारे १९० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्यासाठी तिचा एकही बडा अधिकारी तुरुंगात गेला नाही. श्रेमच्या प्रकरणातली रक्कम दहा लाख डॉलरच्या आसपास, आणि तो आत गेला. मोठ्याला दंड आणि छोट्याला कोठडी, हे आपल्याला नवीन नाही. कोट्यवधींचे कर्ज बुडवणारा परदेशी पळतो आणि पीककर्ज थकलेल्या शेतकऱ्याच्या दारात वसुलीवाला उभा राहतो, हे आपण पाहतोच.

पण यातून मागणी कोणती निघते? बँकवाल्यांनाही तोच कायदा लावा, ही. छोट्यालाही सोडा, ही नाही. शेजारचा सुटला म्हणून माझा गुन्हा पुसला जात नाही.

दुसरा मुद्दा शिक्षेच्या प्रमाणाचा. सिल्क रोड चालवणाऱ्या रॉस उल्ब्रिक्टला २०१५ मध्ये दुहेरी जन्मठेप आणि वर चाळीस वर्षे अशी शिक्षा झाली, मुदतीआधी सुटकेची सोय नाही. त्याच्या आईने वर्षानुवर्षे मोहीम चालवली, बिटकॉइनवाल्यांनी पैसा आणि आवाज दिला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. शिक्षा फार कठोर आहे, हे म्हणणे न्याय्य होते. तरुणाला मरेपर्यंत कोंडून ठेवण्याविरुद्ध बोलणे ही माणुसकी आहे. पण त्याच मोहिमेत हळूहळू तो स्वातंत्र्यवीर झाला आणि त्या बाजारातून विष विकत घेऊन मेलेल्या मुलांचे आईबाप बाजूला पडले. शिक्षा जास्त आहे, एवढे सांगून थांबायला हवे होते, तिथे ते थांबले नाहीत.

दोषी ठरणे आणि दोषी असणे

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. न्यायालयाने दोषी ठरवले म्हणजे विषय संपला, असे दरवेळी नसते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसे मारली गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच वारला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असे म्हटले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

या बारा जणांना वकील मिळवून देणे हे समर्थन होते का? जमियत उलेमाच्या कायदेविषयक विभागाने ते काम केले तेव्हा तसे आरोप झालेच. पण कोर्टात बाजू मांडू देणे आणि कृत्याला दाद देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ते वकील उभे राहिले नसते, तर एकोणीस वर्षांनी तरी सत्य तपासले गेले असते का? म्हणून दोषी ठरलेल्याला मदत करूच नये, असा सरसकट नियम मला मान्य नाही. या निकालाची दुसरी बाजूही विसरू नये : त्या लोकलमध्ये आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांना आजही उत्तर मिळालेले नाही.

फरक इथे पडतो. जो म्हणतो मी केलेच नाही, त्याचा दावा शेवटच्या न्यायालयापर्यंत जाऊ द्यावा. जो म्हणतो मी केले, त्याच्यासाठी निर्दोषत्वाच्या घोषणा द्यायला जागा उरत नाही. श्रेमने कबुली दिली होती. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी निदान त्याच्या स्वतःच्या शब्दांचा मान ठेवायला हवा होता.

मदतीचे चार भाग

म्हणून पाठिंबा हा एकच शब्द न वापरता त्याचे चार भाग करावेत. पहिला, वकील आणि न्याय्य खटला. हा हक्क प्रत्येकाचा आहे, त्यासाठी वर्गणी काढली तरी हरकत नाही. दुसरा, शिक्षेचे प्रमाण. ती अवाजवी असेल तर बोलावे. तिसरा, कुटुंब आणि परतीची वाट. बायकामुलांनी गुन्हा केलेला नसतो. आणि शिक्षा भोगून आलेल्याला काम मिळाले पाहिजे. श्रेम सुटल्यावर पुन्हा त्याच क्षेत्रात काम करू लागला, यात मला काही गैर वाटत नाही. चौथा भाग प्रतिष्ठेचा : व्यासपीठ, सत्कार, संस्थेतले पद, ‘आमचा नेता’ ही ओळख. हे देता येणार नाही. निदान त्याने नुकसान भरून देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्याशिवाय तर नाहीच.

जालिम भावालाही मदत करायची, म्हणजे त्याला जुलमापासून रोखायचे, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. पाळायची वेळ येते तेव्हा मात्र आपण त्याचा हात धरण्याऐवजी त्याच्यावर पांघरूण घालतो. २०१९ मध्ये बेंगळुरूची आयएमए कंपनी बुडाली. हलाल नफ्याच्या नावावर तिने गोळा केलेले पैसे बहुतांशी मुस्लिम कुटुंबांचेच होते. तिचा प्रमुख देश सोडून गेला, पुढे दिल्लीत पकडला गेला. धर्माच्या आणि ओळखीच्या भरवशावर दिलेला पैसा बुडतो तेव्हा तक्रार करायलाही जीभ रेटत नाही, कारण समोर आपलाच माणूस असतो.

गावपातळीवर ही अडचण आणखी वाढते. साखळी योजनेतला मोठा सूत्रधार दिल्लीत किंवा दुबईत असतो, पण पैसे मागायला दारात आलेला एजंट आपल्याच गल्लीतला असतो. त्यानेही बहुधा स्वतःचे पैसे घातलेले असतात. तो फसवणारा की फसलेला, हे त्यालाही सांगता येत नाही. त्याला गावातून हाकलून काही मिळणार नाही आणि पाठीशी घालूनही नाही. त्याच्यापुढे साधे प्रश्न ठेवावेत. कमिशन किती मिळाले? कुणाकुणाचे पैसे नेले, त्याची यादी देतोस का? पोलिसांकडे साक्षीला येतोस का? जो हो म्हणतो, त्याच्याबरोबर आपण पोलीस ठाण्यात जावे.

वरच्या लोकांसाठीही कसोटी हीच. गेनबिटकॉइन प्रकरणात भारद्वाजच्या भावाला वॉलेटचे नाव आणि पासवर्ड तपास यंत्रणेला द्यायला सांगण्याची वेळ २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. क्रिप्टोच्या जगात पैसा त्याचाच, ज्याच्याकडे किल्ली. म्हणून अशा माणसासाठी पाठिंबा मागायला कुणी आले, तर त्याच्या योगदानाची कथा ऐकण्याआधी विचारावे : किल्ली दिली का?

बिटकॉइनवाल्यांना खरोखर समाज म्हणून उभे राहायचे असेल, तर त्यांनी पहिला निधी बुडालेल्यांसाठी काढावा. तक्रार कशी लिहायची, व्यवहाराचे पुरावे कसे जपायचे, कोणता वॉलेट कुणाचा हे कसे शोधायचे, हे त्यांच्याइतके कुणाला कळते? कापूस-सोयाबीनच्या पैशातून किंवा मुलीच्या लग्नाच्या पुंजीतून रक्कम दिलेल्या माणसाला हे काहीच येत नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून आहे. पण पावती, मेसेज आणि खात्याचा उतारा हातात नसेल, तर कायदाही फार काही करू शकत नाही. ज्यांची अशी कागदपत्रे घरात पडून आहेत, त्यांनी ती एका फाईलमध्ये लावून जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे न्यावीत. बरोबर जाणारा कुणी शिकलेला तरुण गावात असेलच. त्याने नाही म्हणू नये.