नव्या प्राध्यापकाची शिदोरी



आपल्या बेटावरचा एखादा मुलगा किंवा मुलगी कुवेतला प्राध्यापक म्हणून निघाली, की घरात मिठाई वाटली जाते. आनंद योग्यच आहे. परंतु नेमणूक मिळाली म्हणजे गड जिंकला असे नव्हे.

कुवेत विद्यापीठ १९६६ साली स्थापन झाले, म्हणजे आपल्या मॉरिशस विद्यापीठाहून एका वर्षाने धाकटे. तेथे विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक इंग्रजीतून शिकवतात. तेव्हा भाषा आपल्या मुलांना अडणार नाही. अडचण निराळी आहे. परदेशी प्राध्यापकाची नोकरी कराराची असते, आणि राहण्याचा परवाना त्या नोकरीशी बांधलेला असतो. करार संपला, की दुसरी जागा शोधताना हाती शिदोरी उरते ती आपल्या संशोधनाची व लेखनाची.

नवा शिक्षक मात्र सारा वेळ व्याख्यानाच्या तयारीत घालवतो. मीही पहिल्या वर्षी एका तासासाठी रात्र रात्र टिपणे काढीत असे. मुले तरीही जांभया देत! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी नव्या प्राध्यापकांचा अनेक वर्षे अभ्यास करून २००० साली पुस्तक लिहिले. जे पुढे गेले, ते तयारी बेताची करीत, रोज थोडे लिहीत आणि सहकाऱ्यांचा सल्ला घेत, असे त्यांना आढळले. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपली म्हण तिथेही खरी ठरली.

म्हणून घरच्यांना एवढीच विनंती. फोनवर पगाराची चौकशी करण्याआधी विचारा, "आज चार ओळी लिहिल्यास का?"